डाव्या दंडावरची सुई

मंगळवारी दुपारी नरहरी राऊत केळ्यांच्या मांडवाकडून घरी परतले, तेव्हा त्यांच्या पोटरीवरून रक्ताचा ओघळ चपलेत उतरला होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

"अहो, हे काय?"

"काय?"

"पाय! पाय बघा तुमचा."

नरहरींनी खाली बघितलं. दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघावं तसं. "कुणाला लागलं?"

मांडवाच्या वाशातला गंजका खिळा लागला असणार, हे रुक्मिणीने ओळखलं. त्यांना ओट्यावर बसवून तिने जखम साबणाने धुतली, पट्टी बांधली. फ्रिजमधल्या दह्याच्या भांड्यामागचा स्टीलचा डबा काढला. अँप्युलची मान मोडली, औषध सिरिंजमध्ये ओढलं, शर्ट खांद्यावरून उतरवला. डावा दंड, स्पिरिटचा बोळा, सुई आत, सुई बाहेर.

"झालं. चोळू नका."

नरहरी लहान मुलासारखे दंडाकडे बघत बसले. केळ्यांचे घड उतरवून टेम्पो रिकामा करणारा शेजारचा बेसिल अंगणातून ओरडला, "सिस्टर, तुमची सुई म्हणजे डास चावल्यासारखी! मला पण द्या एक, दोन वर्षं झाली."

"तुला घोड्याची लागेल," रुक्मिणी म्हणाली आणि हसतहसत नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावायला लागली.

तिसऱ्या बटणाशी तिची बोटं थांबली. खिशात प्लॅस्टिकचं आवरण घातलेलं कार्ड होतं. रोज सकाळी ती स्वतःच ते त्या खिशात ठेवत असे. त्यावरचं वाक्य तिला तोंडपाठ होतं: कुठलंही नवीन औषध, इंजेक्शन किंवा लस घेण्याआधी या नंबरवर फोन करा.

धनुर्वाताची सुई, टीटी, ही लसच. हे राजोडी गावात तिच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक होतं?

एकतीस वर्षं रुक्मिणी राऊतने सरकारी आरोग्यसेविका म्हणून लसी टोचल्या होत्या. आधी सायकलवर, मग एसटीने, खांद्याला बर्फाचा डबा अडकवून. किनाऱ्यावरच्या पाच गावांतल्या दोन पिढ्यांचे दंड तिच्या हाताखालून गेले होते. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी कोयता लागला, खिळा घुसला की लोक आधी तिच्या ओट्यावर येत आणि मग वाटलंच तर डॉक्टरकडे जात. म्हणून तर फ्रिजमध्ये तो डबा. जखम दिसली की हात आधी जायचा, डोकं मागून पोचायचं. आणि आजवर डोकं पोचल्यावर त्याला तक्रार करायला काही उरलेलं नसायचं.

एकदाच तिच्या हातावर बोट ठेवलं गेलं होतं. शहाण्णव साली पाचूबंदरच्या कोळीवाड्यात. तिने टोचलेलं चार महिन्यांचं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. त्याच्या आजीने भर लिलावात, मासळीच्या पाट्या बाजूला सारून, तिची वाट अडवली होती. "तुजा हात लागला नि आमचं पोर गेलं! आता कोनाच्या घरात जातेस ती?" पुढे तपासात निघालं, बाळाला आधीपासून न्यूमोनिया होता. पण चार महिने बंदरातलं एक दार उघडलं नाही. रुक्मिणी रोज जायची, बंद दारांसमोर उभी राहायची आणि एकच सांगायची: सुईनंतर झालं म्हणजे सुईनेच झालं असं नसतं. शेवटी त्याच आजीने दार उघडून दुसरं नातवंड पुढे केलं होतं.

नरहरींचं विसरणं तीन वर्षांपूर्वी सुरू झालं. वासावरून राजेळी केळं पिकल्याचं सांगणारा माणूस. त्यांनी एक दिवस हिरवीगार केळी सोलून सुकायला मांडवावर घातली. सुकेळ्यांसाठी नाव काढणाऱ्या घरात शेजारीपाजारी बघायला जमले. नरहरी सगळ्यांना विचारत होते, "सुकत का नाहीत ही?"

मुंबईच्या डॉक्टरांनी अल्झायमर म्हणून सांगितलं. मुलगी विनया बोरिवलीला राहायची, विमा कंपनीत होती. तिने दोन वर्षं खटपट करून एका मोठ्या इस्पितळातल्या अभ्यासात वडिलांचं नाव लावलं. परदेशी कंपनीचं नवं औषध. दर तेरा आठवड्यांनी सलाईनमधून द्यायचं.

"म्हणजे लसच का गं?" रुक्मिणीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"नाही आजी," अभ्यासाचं काम बघणारी रेवा म्हणाली. "लस शरीराला शिकवते. इथे आपण तयार अँटिबॉडीच सोडतो. मेंदूत जो गाळ साचलाय, त्याला ती चिकटते आणि काढून टाकते. पण निम्म्या पेशंटना नुसतंच सलाईन मिळतं. कुणाला काय, ते मलाही माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही."

रुक्मिणीला मात्र माहीत होतं. दुसऱ्या सलाईननंतर नरहरी मांडवापाशी उभे राहून म्हणाले होते, "यंदा राजेळी लवकर धरली." धरलीच होती. एवढं एक वाक्य. त्या वाक्यावर ती सहा महिने जगत होती.

चौथं सलाईन मागच्याच शुक्रवारी झालं होतं. शर्टाची उरलेली बटणं तिने लावली. कार्ड खिशात नीट सारलं. फोन केला नाही. मोडलेली अँप्युल मात्र तिने फेकली नाही. बॅच नंबर लिहीपर्यंत रिकामी बाटली टाकायची नाही, ही नोकरीतली सवय. रुमालात गुंडाळून ती पर्समध्ये ठेवली.

बुधवारी संध्याकाळी दंड लाल झाला, सुजला, तापाने एकशे एक गाठलं. येतोच, तिने मनाशी म्हटलं. टीटीने येतोच. क्रोसिन दिली.

गुरुवारी सकाळी नरहरींनी शर्टाच्या बाहीत पाय घालायला सुरुवात केली. रुक्मिणीने तो काढून घेतला तर ते उठले, निघाले आणि दाराच्या डाव्या चौकटीवर सरळ जाऊन आदळले. मागे सरले, पुन्हा आदळले. डावीकडे चौकट आहे हे जणू त्यांच्या जगातच नव्हतं.

"डोकं," ते म्हणाले. "डोकं काढ."

"दुखतंय?"

"काढ. मांडवावर ठेव."

रुक्मिणीने कार्डावरचा नंबर फिरवला.

"आजी, शांतपणे सांगा," रेवा पलीकडून म्हणाली. "ताप कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून."

"पडलेत का कुठे?"

"नाही. पायाला थोडं खरचटलंय."

"नवीन काही औषध? इंजेक्शन? लस?"

ओट्यावर नरहरी दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते. आता हो म्हटलं की औषध बंद. संमतिपत्राच्या तिसऱ्या पानावर तसं लिहिलंच होतं. आणि कुणी टोचलं, हा पुढचा प्रश्न येणार.

"आजी? ऐकताय ना?"

"नाही," रुक्मिणी म्हणाली. "काही नाही."

"बरं. लगेच निघा. वाटेत कुठे थांबू नका."

बेसिलने व्हॅन काढली. नरहरींना तिने लांब बाह्यांचा शर्ट घातला, मनगटापर्यंत बटणं लावली. नालासोपाऱ्याचं फाटक, मग हायवे. नरहरी तिच्या खांद्यावर डोकं टाकून मधूनच कण्हत होते.

बेसिल आरशातून बघत होता. "सिस्टर, मंगळवारच्या त्या खिळ्यानं तर नसेल? धनुर्वात?"

"धनुर्वात असा नसतो."

"हां, आणि तुम्ही सुई तर दिलीतच लगेच."

"बेसिल." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "त्या सुईचं कुणाला बोलू नकोस. विनयाला पण नाही."

बेसिलने गिअर बदलला. 

"का?"

"सांगितलं ना."

"माझी तीन पोरं तुम्ही टोचली सिस्टर. मोठ्याला ताप आला तेव्हा मी रात्री दार ठोकलं, तर तुम्ही मला काय झापलं होतंत! 'दिवसभर का लपवलंस, बायको घाबरेल म्हणून?' विसरलात?"

"गाडी चालव."

"चालवतोय. पण मला खोटं बोलायला सांगू नका. मला जमत नाही, माझे कान लाल होतात. विनयाला विचारा."

वर्सोव्याच्या पुलाच्या अलीकडे गाड्या खोळंबल्या होत्या. पुढे ट्रक, मागे ट्रक, खाली खाडी. नरहरींनी अचानक ओकारी काढली. रुक्मिणीने पदर पुढे धरला. त्यांचा उजवा हात तिचं मनगट घट्ट धरून होता. डावा मांडीवर मेल्यासारखा पडला होता.

"अहो, माझ्याकडे बघा. मी कोण?"

नरहरी विचार करत राहिले. पुलावरचा ट्रक हलला, पुन्हा थांबला.

"सिस्टर," ते म्हणाले.

गाव म्हणायचं तसं. बेचाळीस वर्षांत त्यांनी तिला या नावाने हाक मारली नव्हती.

बोरिवलीला विनया हायवेवरच उभी होती. व्हॅन पुरती थांबायच्या आत चढली. "बाबा! बाबा, इकडे बघा. आई, कधीपासून हे? काल का नाही कळवलंस?"

"काल नुसता ताप होता."

"नुसता ताप? रेवाने कितीदा बजावलंय, नुसतं नख दुखलं तरी सांगा!" मग तिचा आवाज उतरला. "सॉरी. तुला काय कमी कळतं का. घाबरलेय मी."

बेसिलचे कान मागून दिसत होते. खरंच लाल झाले होते.

इस्पितळात सगळं भराभर झालं. रक्तदाब घ्यायला आलेल्या परिचारिकेपुढे रुक्मिणीने स्वतःच नरहरींचा उजवा दंड केला. "याच हातात नीट मिळतो," ती म्हणाली. परिचारिकेने मान डोलावली. बाई जाणकार दिसते. मग पाऊण तास मेंदूचं चित्र काढणाऱ्या त्या मशीनचा ठोठो आवाज दाराबाहेर ऐकत तिघं बसली.

डॉक्टर टिपणीस चाळिशीचे होते, मोजकं बोलायचे. त्यांनी पडद्यावर चित्र लावलं. मेंदूच्या उजव्या मागच्या भागात पांढरा ढग पसरला होता.

"ही सूज. या प्रकारच्या औषधात काही जणांना ती येते, ते आपण पहिल्या दिवशी बोललो होतो. बहुतेकांची आपोआप ओसरते. यांची जास्त आहे आणि वाढते आहे."

"मग उतरवा ना," विनया म्हणाली.

"तिथेच अडलंय. सूज उतरवायची तर भरपूर स्टेरॉइड द्यावं लागेल. पण यांना ताप आहे, आणि औषधाच्या सुजेत सहसा ताप येत नाही. ताप म्हणजे जंतू असू शकतात, मेंदूतसुद्धा. जंतू असताना स्टेरॉइड देणं म्हणजे त्यांना रान मोकळं करून देणं. पाठीतलं पाणी तपासलं असतं, पण एवढ्या सुजेत सुई घालायला मी धजत नाही. म्हणून आधी अँटिबायोटिक. उद्यापर्यंत थांबू."

"उद्यापर्यंत काय होईल?"

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "पुन्हा एकदा विचारतो. गेल्या आठवड्यात काही वेगळं? काहीही?"

"नाही डॉक्टर," विनयाच म्हणाली. "माझी आई नर्स आहे. एकतीस वर्षं. तिच्या नजरेतून काही सुटत नाही."

रुक्मिणीच्या ओठांवर पाचूबंदरचं ते वाक्य आलं होतं. सुईनंतर झालं म्हणजे... वाक्य खरं होतं. ते म्हणून गप्प बसताही आलं असतं. रात्र काढता आली असती. काचेपलीकडे नरहरींचा उजवा हात हवेत काहीतरी सोलत होता, एकामागून एक, बहुधा केळी.

तिने पर्स उघडली. रुमाल टेबलावर ठेवला, त्याची घडी सोडली.

"टीटी," ती म्हणाली. "अर्धा मिली. मंगळवारी, दुपारी साडेबारा. डावा दंड. बॅच नंबर बाटलीवर आहे. बुधवारी चारनंतर दंड सुजला, सहाला ताप एकशे एक. मी टोचली."

डॉक्टर उठून बाहेर गेले. काचेतून दिसलं, त्यांनी नरहरींची बाही वर सारली; दंड लालबुंद, ताणलेला. परत आले ते दारातूनच बोलत. "रेवा, कंपनीला फोन लाव, यांचा कोड उघडायला सांग. औषध आहे की सलाईन, मला दहा मिनिटांत हवंय. आणि स्टेरॉइड काढून ठेवा. तापाला कारण मिळालंय."

"तुम्ही फोनवर नाही म्हणालात," रेवा म्हणाली. रागाने नाही. तिला ते समजतच नव्हतं.

"हो."

रेवा निघून गेल्यावर विनया भिंतीकडे बघत बोलली. "का, आई?"

"औषध बंद झालं असतं."

"तेवढंच?"

रुक्मिणीने रुमालाची पुन्हा घडी घातली. "माझ्या हातून झालं, हे कुणाला कळू नये म्हणून."

"तीन तास," विनया म्हणाली. "बोरिवलीपासून मी तुझ्या शेजारी बसले होते." आणि उठून बाहेर गेली.

कोड उघडला. सलाईन नव्हतं, खरंच औषध होतं. स्टेरॉइड सुरू झालं. पहिली रात्र नरहरी कण्हत राहिले. शनिवारी कण्हणं थांबलं, ते शांतपण जास्त भीतिदायक होतं. रविवारी त्यांनी पाणी मागितलं. सोमवारी पेज खाल्ली, पण ताटलीचा उजवा अर्धाच भाग. डावा तसाच राहिला. विनयाने काही न बोलता ताटली फिरवली, तेव्हा उरलेली पेज त्यांना दिसली. आईशी ती जरुरीपुरतंच बोलत होती: गोळी दिलीस? चादर बदलली?

मंगळवारी डॉक्टर अहवाल लिहायला बसले. एका रकान्यात लशीचा आणि त्रासाचा संबंध लिहायचा होता: नाही, क्वचित, शक्य, बहुधा, निश्चित.

"निश्चित लिहा," रुक्मिणी म्हणाली.

"तसं मला म्हणता येत नाही."

"दोन दिवसांत झालं डॉक्टर. माझ्या डोळ्यांसमोर."

"सूज नुसत्या औषधानेही आली असती. लशीने शरीरातली सगळी फौज जागी होते. ती मेंदूतल्या अँटिबॉडीच्या मदतीला धावली का, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, कारण असे पेशंट जगात मोजके. आणि त्यांतलेही किती जण सांगतात?" त्यांनी 'शक्य'वर खूण केली. "शिक्षा हवी असेल तर ती या रकान्यात नाही, सिस्टर."

नरहरींचं नाव अभ्यासातून कमी झालं. चौकशी होईपर्यंत त्या केंद्रातले सगळे डोस थांबवले.

ती बाहेर आली तर बाकावर साठीचा एक गृहस्थ बसला होता, शेजारी त्याची बायको, कडेवरच्या मुलासारखी पर्स छातीशी धरून. नालासोपाऱ्याहून पहाटे निघालेला सदानंद. त्याच्या बायकोचा आज तिसरा डोस होता.

"तुमच्याच मिस्टरांमुळे थांबवलं ना सगळं?" त्याने तिला थेट विचारलं. "अकरा पेशंट लटकले, माहितीये? ही आता आता मला नावाने ओळखायला लागली होती. काय केलंत काय त्यांना?"

रुक्मिणी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. पाच दिवसांत हे तिला तिऱ्हाइताने पहिल्यांदाच विचारलं होतं.

"मी टीटी टोचली. डोसनंतर चौथ्या दिवशी. फोनवर विचारलं तर नाही म्हणाले. त्यांच्या मेंदूला सूज आली. लशीने आली का, ते कुणी सांगू शकत नाही. पण मी लपवलं म्हणून उपचार अडले, हे नक्की."

"कमाल आहे! शिकलेल्या दिसता."

"नर्स आहे."

सदानंद काहीतरी तिखट बोलणार होता. पण त्याने बायकोकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"धनुर्वाताचंच असतं का तसं?" त्याने हळूच विचारलं. "म्हणजे... दुसरी कुठली सुई?"

रुक्मिणीने त्याच्या बायकोच्या पायांकडे बघितलं. साडीच्या काठाखाली, घोट्याच्या वर, बऱ्या होत आलेल्या दातांच्या खुणा होत्या.

"कुत्रा?"

"स्टेशनबाहेर. चार सुया झाल्या, एक राहिलीये. इथे सांगितलं नाही. काढून टाकतील म्हणून."

"डोकं दुखतं त्यांचं?"

"परवापासून. मला वाटलं, चष्म्याचा नंबर..." तो रुक्मिणीकडे वळला. "सांगितलं तर काढतील हो आम्हाला."

"काढतील बहुतेक."

"मग?"

रुक्मिणी उठली. रेवाच्या खोलीचं दार चार पावलांवर होतं. तिने ते वाजवलं नाही. त्याच्या बायकोचा हात धरून तिला तेवढं दारापर्यंत नेलं आणि बाजूला उभी राहिली. कॉरिडॉरच्या टोकाला विनया हातात थर्मास घेऊन थांबली होती. किती वेळापासून, कोण जाणे.

सदानंद बाकावरून हलेना. मग एकदम उठला, कपाळावरचा घाम बाहीला पुसला आणि दारावर थाप मारली.

"मॅडम," तो म्हणाला, "एक सांगायचं राहिलंय."